अक्षराचा भाव : गावात आणि वेशीबाहेर

शिकलेल्या माणसाला शहरात अधिक पैसा मिळतो, खेड्यात तेच शिक्षण फारसे फळत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. त्याचे कारणही ते देतात. शेतीचे काम परंपरेने ठरलेले. त्यात अक्षराला वाव कुठे? हे उत्तर ऐकायला सरळ आहे. पण महाराष्ट्रातल्या गावगाड्याचा इतिहास ज्याने पाहिला, त्याला ते पटणार नाही. खेड्याला अक्षराची गरज नव्हती, हेच मुळात खोटे आहे. खेडे तर कागदावर चालत होते. महसुलाचा हिशेब, पीकपाहणी, कर्जरोखा, गहाणखत, यांपैकी अक्षरावाचून काय होत होते? अक्षराला गावात मोल होते. फक्त ते मोल वसूल करण्याचा हक्क एका घराकडे वंशपरंपरेने होता, आणि त्या हक्काचे नाव कुळकर्ण.

त्याच गावात दुसरेही एक वतन होते. महार वतनदार सरकारी टपाल पोचवी, वसुलाचा भरणा कचेरीत नेई, गावाची राखण करी. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. म्हणजे कारभाराच्या यंत्रणेत तो होताच. पण हातातल्या लखोट्यात काय लिहिले आहे ते त्याला कळू नये, ही जणू त्या कामाची अटच होती. असा माणूस साक्षर झाला म्हणून त्याच्या बलुत्यात एक पायली तरी वाढणार होती काय? बलुते जन्मावर ठरलेले. १८७४च्या वतन कायद्याने इंग्रज सरकारने ही वंशपरंपरा कायद्याच्या चौकटीत पक्की केली. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेबांनी विधिमंडळात वतनाचे बिल आणल्यानंतर तीस वर्षांनी. तोवर वतनदार महाराच्या शिकलेल्या मुलाला गावात शिक्षणाचा परतावा शून्य होता. किंबहुना शून्याहून कमी, कारण येसकराची काठी हाती घ्यायला तो लाजू लागला की गावाचा रोष साऱ्या घरावर येई.

जोतीराव फुल्यांनी हे नेमके ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, हे आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. त्यांनी अभ्यासक्रमही सुचवला होता, तो मात्र कोणी फारसा वाचत नाही. त्यात बालबोधाबरोबर मोडी आहे, हिशेब आहे, शेतीचे प्राथमिक ज्ञान आहे. मोडी का? गावचे दप्तर मोडीत, सावकाराचा रोखा मोडीत. नुसते बालबोध शिकलेल्या पोराला पुस्तकातला धडा वाचता येई, पण बापाने ज्यावर अंगठा उठवला तो कागद वाचता येत नसे. गावात राहूनच ज्याचा उपयोग होईल असे शिक्षण जोतीराव मागत होते.

आणि गावातली जागा मोकळी केली तर काय घडू शकते, याचा दाखला कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने १९१८ साल अधिक मोलाचे. त्या साली त्यांनी कुळकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमण्याची पद्धत आणली, महार वतनेही रद्द केली, आणि अस्पृश्यांना तलाठ्याच्या जागा दिल्या. कालपर्यंत ज्याच्या हाती लखोटा होता, त्याच्या हाती आता दप्तर आले. शेती तीच, गाव तेच. तरी शिक्षणाचा भाव बदलला. हे एका संस्थानात घडले आणि तेही थोडा काळ, हे मान्य. तरीही 'खेड्यात शिक्षण फळत नाही' या सिद्धांताला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

हरितक्रांतीचा अनुभवही तेच सांगतो. फॉस्टर आणि रोझेन्झवाइग या अभ्यासकांनी १९९६ साली दाखवले की, जिथे नवे संकरित बियाणे चांगले रुजले तिथे शिकलेल्या शेतकऱ्याला अधिक लाभ झाला. ठीक आहे. पण बियाणे कोणते घ्यायचे, खत किती टाकायचे, हे कोण ठरवतो? ज्याची जमीन तो. दुसऱ्याच्या बांधावर खुरपे चालवणाऱ्या मॅट्रिक पास बाईला कसला लाभ? १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची मजुरी खडीच्या मोजमापावर ठरे, आणि रोजगार हमीवरही मजुरी कामाच्या मापावरच राहिली. घमेल्याला डिग्री समजत नाही.

म्हणून माणसे गाव सोडून गेली. आधी पलटणीत, आणि १८९० नंतरच्या काळात महारांची भरती बंद झाल्यावर गोदीत, रेल्वेत, गिरणीत. शहर म्हणजे मुक्ती, असे आपण सरसकट लिहितो. ते अर्धेच खरे आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण कांडी बदलताना धोट्याचे सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्याच्या उष्ट्याचा सवर्ण कामगाराला विटाळ! १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा कामगार-एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांची अडचण झाली. साचा चालवायला शाळेची गरज नव्हती, जातीची होती. शहरात आमच्या अक्षराला जो भाव आला तो मुख्यतः सरकारी नोकरीमुळे. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तिथे वर्ग सकाळी भरू लागले. राखीव जागा आणि सकाळचा वर्ग, या दोन गोष्टींनी एका पिढीचे उत्पन्न बदलले.

१९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत व्यक्त केली, ती आज कार्यकर्ते शहरातल्या नोकरदारांना वारंवार ऐकवतात. ऐकवावी, पांढरपेशा झालेल्यांना ती लागूच आहे. पण ज्याने गाव सोडले त्याला गावाने कोणती खुर्ची देऊ केली होती, हेही त्याच व्यासपीठावरून विचारले पाहिजे. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक या तुटपुंज्या सरकारी जागा वगळल्या तर सोसायटीचा सचिव, बाजार समितीचा हिशेबनीस, साखर कारखान्याचा कारकून या गावाजवळच्या पगारी जागा कोणत्या घरांत जातात, याची यादी आपल्याच तालुक्यात करून पाहावी. विद्यार्थी-मित्रांना एका सुट्टीत हे काम जमेल.

१९९१ नंतर खाजगी क्षेत्र वाढले आणि सरकारी नोकरीचा आधार आखडू लागला. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना उत्तर म्हणून खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. काहींवर सवर्ण आडनावे, काहींवर दलित. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले होते. त्या कंपन्यांतल्या कोणी उमेदवाराला डोळ्यांनी पाहिलेही नव्हते.