आमोणेचे लोखंड आणि ग्राहकाचा विश्वास

डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी वसलेले आमोणे हे गाव श्री बेताळाच्या देवस्थानासाठी ओळखले जाते, तसेच लोखंडाच्या भट्ट्यांसाठीही. या परिसरातील एकाच खनिजावर दोन व्यवसाय उभे राहिले. एक, खनिज खणून परदेशी पाठविण्याचा. दुसरा, त्यापासून कच्चे लोखंड तयार करून ओतशाळांना विकण्याचा. कच्चा माल एकच असूनही ग्राहकांशी जडलेले त्यांचे नाते वेगवेगळे राहिले. व्यवसाय ग्राहक का मिळवितो आणि का गमावितो, या प्रश्नाचे उत्तर या दोन वाटांच्या तुलनेत सापडते.

जपानशी जुळलेले नाते

1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, गोव्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले. महायुद्धानंतर पोलाद कारखाने नव्याने उभारणाऱ्या त्या देशाला खनिजाची निकड होती. गोव्याच्या खाणी मांडवी आणि जुवारी या नद्यांपासून जवळ होत्या. बार्जमधून मुरगाव बंदरापर्यंतची वाहतूक स्वस्त पडे. व्यवहार मुख्यतः दीर्घ मुदतीच्या करारांवर चालत. लोहाचे प्रमाण, ओलावा, सिलिका आणि ॲल्युमिना तपासून किंमत ठरे. माल ठरल्यापेक्षा उणा निघाल्यास पैसे कापले जात. या शिस्तीमुळे विक्रेत्यालाही प्रत सांभाळण्याची सवय लागली. पुढे ऑस्ट्रेलिया आणि ब्राझील येथील अवाढव्य खाणींतून उच्च प्रतीचे खनिज मोठ्या जहाजांनी येऊ लागले, तेव्हा गोव्याला स्पर्धा जड जाऊ लागली.

चीनची भरती आणि ओहोटी

2000 नंतर चीनची मागणी झपाट्याने वाढली. 58 टक्क्यांहून कमी लोह असलेल्या हलक्या खनिजालाही भाव आला. बरेचसे सौदे त्या त्या दिवसाच्या बाजारभावाने होत. दीर्घ कराराचे बंधन नव्हते. डिचोली आणि सत्तरीतील अनेक कुटुंबांनी कर्जे काढून ट्रक घेतले. 2010-11 च्या सुमारास गोव्याच्या बंदरांतून वर्षाला सुमारे 5 कोटी टन खनिज रवाना होत होते.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला. एप्रिल 2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घालून वाट मोकळी केली. मात्र फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजांचे नूतनीकरण रद्द ठरले. दरम्यान परदेशी खरेदीदार गोव्यासाठी थांबले नाहीत. दुसरीकडे, प्रदूषणावरील निर्बंध कडक झाल्याने चिनी कारखान्यांचा कल उच्च प्रतीच्या खनिजाकडे वळला. म्हणजे पुरवठ्याचा भरवसा गेला आणि ग्राहकाची गरजही बदलली. त्याची झळ ट्रकमालक आणि बार्जमालकांपासून गॅरेज व खानावळींपर्यंत पोहोचली.

भट्टीचा ग्राहक

आमोणे येथील कच्च्या लोखंडाचा कारखाना 1990 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांच्यापासून तयार होणारे हे लोखंड ओतशाळा वितळवून साच्यांत ओततात. कोल्हापूर आणि बेळगाव येथील ओतशाळांमधून यंत्रांचे, पंपांचे आणि वाहनांचे सुटे भाग तयार होतात.

अशा ग्राहकाला दरापेक्षा सातत्य महत्त्वाचे वाटते. फॉस्फरस वाढला तर ओतीव भाग ठिसूळ होतो. एक घाण सदोष निघाली, तर साचा, इंधन आणि मजुरी वाया जातेच. शिवाय वाहन कारखान्याची पुढची मागणीही हातची जाते. म्हणून प्रत्येक खेपेत तेच रासायनिक प्रमाण देणाऱ्या पुरवठादाराला तो थोडा अधिक दर मोजावयास तयार असतो. गोव्यातील खाणी थंडावल्या तेव्हा बाहेरून खनिज आणून भट्ट्या चालविणे शक्य झाले. कारण ग्राहकाला खनिज कोणत्या खाणीतले आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला हवे होते ते ठरल्या प्रतीचे लोखंड.

तक्रार ही संधी

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असमाधानी ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले आहेत: निघून जाणे किंवा तक्रार करणे. निष्ठा असलेला ग्राहक आधी तक्रार करतो. केवळ भावासाठी आलेला ग्राहक मात्र न बोलता निघून जातो, आणि आपले काय चुकले हे विक्रेत्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

गावच्या पसरकाराचा अनुभव याहून निराळा नाही. गिऱ्हाईक सुपरमार्केटकडे वळते ते नेहमीच दरासाठी नव्हे. कधी माल संपलेला असतो, कधी वजनाविषयी शंका येते, कधी परत आणलेल्या खराब वस्तूवरून शब्दाला शब्द वाढतो. तक्रार घेऊन आलेले गिऱ्हाईक अजून आपलेच असते, हे ओळखणाऱ्याचे दुकान टिकते.

डिसेंबर 2022 मधील लिलावानंतर डिचोलीचा खनिज पट्टा पुन्हा सुरू झाला आहे. कर्जाची झळ सोसलेली कुटुंबे त्याकडे आशेने पाहत आहेत. खाण सुरू होणे ही पहिली पायरी झाली. खनिजाची प्रत, नियमांचे पालन आणि अखंड पुरवठा यांवरच ग्राहक परततील की नाही हे ठरेल.