भीमाचा प्रश्न

एरंडोल हीच महाभारतांतील एकचक्रानगरी, आणि जवळच्या पद्मालयाच्या रानांत भीमानें बकासुर मारला, अशी खानदेशांत परंपरागत समजूत आहे. त्याच भीमाचा शेवट हिमालयांत झाला. महाप्रस्थानाच्या वाटेवर प्रथम द्रौपदी कोसळली. भीमानें कारण विचारलें, तेव्हां युधिष्ठिरानें तिच्या ठायींचा अर्जुनाविषयींचा पक्षपात दाखविला.

उत्तरकाशी जिल्ह्यांत 'द्रौपदी का डांडा' हें तिच्याच नांवाचें शिखर आहे. तेथें ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं हिमस्खलन होऊन १९६५ सालीं स्थापन झालेल्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक मिळून २९ जण प्राणांस मुकले.

अशा वेळीं पडणाराचा दोष शोधणें व्यर्थ होय. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर जुन्या, ठिसूळ थरावर नवें हिम सांचलें, कीं माणसाच्या भारानेंही तें तुटतें. वसंतांत तर दुपारच्या उन्हानें हिम भिजून सुटूं लागतें. म्हणून जाणते लोक पहाटेच, एकामागून एक, अंतर राखून उतार ओलांडतात. पाव तासानंतर गाडलेला मनुष्य जिवंत निघण्याची आशा झपाट्यानें मावळते. तेव्हां फावडें सोबत्याच्याच पाठीवर हवें.

भीमाचा प्रश्न योग्यच होता. त्याचें उत्तर मात्र हिमाच्या थरांत आहे.