रिट्रीट : वेड्यांसाठी बांधलेले घर

आपल्या सीमाभागात कुणाचे बोलणे जरा भलतेच वाटले की "याला धारवाडला धाडा" असे चटकन म्हटले जाते. पुण्याकडे हेच येरवडा होते, मुंबईकडे ठाणे. गावाचे नाव बदलते. 'धाडणे' मात्र बदलत नाही. धाडलेला माणूस बरा होऊन परत येईल, ही कल्पना त्या वाक्यात नसतेच. ती कल्पना ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखवली, त्यांत इंग्लंडमधील एका चहाच्या व्यापाऱ्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

१७९० साली हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथाची एक विधवा उदासीनतेच्या विकाराने यॉर्क शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. पंथातील मंडळी भेटीला गेली, तेव्हा त्यांना आत सोडले नाही. काही आठवड्यांतच तिचा मृत्यू झाला. बंद दाराआड काय घडले, हे कुणालाच कळले नाही. या घटनेने विल्यम ट्यूक हा व्यापारी अस्वस्थ झाला. तो वैद्य नव्हता. १७९२ साली त्याने आपल्या पंथापुढे स्वतंत्र संस्थेची योजना मांडली आणि १७९६ साली शहराबाहेर, मोकळ्या हवेत, सुमारे तीस रुग्णांचे घर उघडले. त्याला 'असायलम' म्हणायचे नाही, असे ठरले. ट्यूकच्या सुनेने नाव सुचवले 'रिट्रीट', म्हणजे विसावा.

तेथे साखळदंड नव्हते. खिडक्यांचे गज लोखंडी असले तरी ते लाकडी तावदानांसारखे दिसतील अशी योजना होती. रुग्ण बागेत काम करीत, शिवणटिपण करीत, ससे आणि कोंबड्या सांभाळीत; चांगले कपडे घालून चहाला एकत्र बसत. पहिल्या डॉक्टरांनी, थॉमस फाउलर यांनी, रक्त काढण्यासारखे त्या काळचे उपाय करून पाहिले आणि त्यांचा फारसा उपयोग नाही हे प्रामाणिकपणे मान्य केले. झोप न येणाऱ्याला अफूऐवजी पोटभर जेवण द्यावे, हा तेथला अनुभव.

ट्यूकचा नातू सॅम्युएल याने १८१३ साली या घराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात एका धिप्पाड तरुणाची हकीकत आहे. बेड्या घालून आणलेल्या या माणसाच्या बेड्या येताक्षणीच काढल्या आणि व्यवस्थापक जेवत होते तेथेच त्याला नेऊन बसवले. सुमारे चार महिन्यांत तो बरा होऊन घरी गेला.

रिट्रीट म्हणजे स्वर्ग होता असे नाही. प्रसंगी रुग्णाला बांधून किंवा कोंडून ठेवावे लागे. बेड्या काढल्या तरी अपराधाची जाणीव रुग्णाच्या मनात रुजवली, अशी टीका फ्रेंच विचारवंत फूको यांनी १९६१ साली केली, आणि ती विचार करण्याजोगी आहे. पण खरा घात झाला तो आकाराने. १८४५ च्या कायद्याने इंग्लंडच्या प्रत्येक परगण्याला वेड्यांचे इस्पितळ बांधणे भाग पडले. १८५१ साली लंडनजवळ उघडलेले कोल्नी हॅच हजाराहून अधिक रुग्णांसाठी होते. तीस माणसांना नावाने हाक मारता येते. हजारांना क्रमांकच द्यावे लागतात. घराची पुन्हा कोठडी झाली.

आज औषधे आहेत, आणि ती घ्यायलाच हवीत. परंतु गोळी मन स्थिर करते; सकाळी उठून कशासाठी आंघोळ करायची, हे माणसांत राहूनच कळते. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, हेच मान्य करतो. केवळ घरच्यांनी स्वीकारले नाही म्हणून कुणालाही इस्पितळात ठेवता येणार नाही, असे त्याचे एकोणिसावे कलम सांगते. इस्पितळ आणि घर यांच्यामधली निवासस्थाने सरकारने उपलब्ध करावीत, अशीही तरतूद त्यात आहे.

अशी निवासस्थाने गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. त्यांना पैसा लागतो, प्रशिक्षित माणसे लागतात. आणि त्याहून आधी लागतो तो घर भाड्याने देणारा मालक आणि कुरकुर न करणारा शेजारी. ट्यूकने शहराबाहेर जागा शोधली. आपल्याला ती गल्लीतच शोधावी लागणार आहे. ती मागायला उद्या कुणी आपल्या दाराशी आले, तर आपण काय उत्तर देऊ, हे आजच ठरवलेले बरे.