अक्काची वही

सोलापूरच्या पूर्व भागात माझं बालपण गेलं. दुपारी कुठल्याही गल्लीत शिरा, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका उंबऱ्यात बसलेल्या दिसायच्या. हात विडीवर, तोंडात तेलुगू. आमच्या गल्लीत एक अक्का होत्या. स्वतःला जेमतेम सही करता यायची, पण कुणाचं रेशनकार्ड अडलंय, कुणी घराचा हप्ता भरला, सगळं त्यांना तोंडपाठ. वही मात्र त्या आमच्याकडून लिहून घ्यायच्या!

त्या वहीमागचा इतिहास मला फार उशिरा कळला. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीत दहा हजार घरं उभी राहिली. वारली आदिवासींना जागं करणाऱ्या गोदूताई परुळेकरांचं नाव त्या वसाहतीला दिलं. काही वाटा केंद्राचा, काही राज्याचा, उरलेला बाईचा स्वतःचा. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत घरं दिली गेली. या सगळ्यामागे होते कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम, म्हणजे आपले आडम मास्तर. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं. त्याची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ ला आणि पंधरा हजार घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला झालं, दोन्ही वेळा पंतप्रधान मोदींच्या हस्ते.

आता गंमत बघा. वस्तीचा पुढारी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? नळ देतो, पण झोपडी तिथेच ठेवतो, कारण झोपडी म्हणजे मतं. इथे उलटं झालं. कुंभारी शहर मध्य मतदारसंघात येतच नाही. म्हणजे माणसांना घर देताना मास्तर त्यांना आपल्या मतदारसंघाबाहेर नेत होते. १९७८, १९९५ आणि २००४ ला निवडून आलेले मास्तर २००९ पासून प्रत्येक वेळी हरले. हरण्याचं कारण एवढंच असं मी म्हणणार नाही, पण हिशोब तर दिसतोच. २०१९ च्या पायाभरणीत पंतप्रधानांचं कौतुक केलं म्हणून पक्षानेही त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं.

सगळं गोड आहे असंही नाही. घर शहराबाहेर गेलं की शाळा, दवाखाना, रोजगार लांब जातो, आणि रिक्षाचे पैसे विडीच्या मजुरीतूनच जातात.

तरी मला वाटतं, मास्तरांइतकंच श्रेय अक्कांसारख्यांचं. दिल्ली-मुंबईतून मंजुरी आणणारा एक असतो. पण पुढची कित्येक वर्षं "घर मिळणार गं, हप्ता थांबवू नको" असं दारोदार सांगणारी बाई नसती, तर मंजुरी कागदावरच राहिली असती. पैसे बुडाले असते तर लोकांनी आधी अक्कांचंच दार वाजवलं असतं. मास्तरांचं नाव इतिहासात राहील. अक्कांचं नाव फक्त त्या वहीत होतं, तेही माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात.

असो. ती वही आज कुठे असेल कोण जाणे. तुमच्या गल्लीत कोण होतं असं? आठवून बघा.