घरातल्या समुद्राची गोष्ट

रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं क्लब हाऊसचं नूतनीकरण करायचं ठरलं, तेव्हा कमिटीच्या सभेत एक सूचना आली. दाराशीच खाऱ्या पाण्याचं मोठं मत्स्यालय ठेवावं. रंगीत मासे, खाली प्रवाळ, वर निळा दिवा. मुलं खूश होतील, पाहुणे थबकून बघतील. सूचना आली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बी विंगमधल्या जुन्या मंडळींना माझी टाकी अजून आठवते. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्हीच जरा माहिती काढा."

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला माहिती काढायला सांगितलं की तो आधी जुनं खातं उघडतो. या छंदाचं खातं पहिल्या पानापासून वाचलं. त्यात जे सापडलं ते, आणि माझ्या स्वतःच्या खात्यातली एक चुकीची नोंद, अशा दोन्ही गोष्टी इथे मांडतो.

समुद्राचा तुकडा काचेत ठेवून बघण्याची सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं केली, हे वाचून मला आश्चर्य वाटलं. जान व्हिलप्र पॉवर ही फ्रान्समधली. 1816 मध्ये तिथल्या एका राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाख तिनं भरतकामानं सजवला होता. पुढे इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिलीतल्या मेसिना बंदरात राहायला गेली आणि समुद्री जिवांचा अभ्यास करू लागली. आर्गोनॉट नावाचा आठ पायांचा एक जीव पातळ, कागदासारख्या शिंपल्यात राहतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा की दुसऱ्याचा पळवलेला, यावर तेव्हा विद्वानांचा वाद होता. मेलेल्या जिवावरून ते ठरणार कसं? 1832 मध्ये तिनं काचेच्या टाक्या करून घेतल्या, त्यात जिवंत आर्गोनॉट ठेवले आणि शिंपला तो स्वतःच बनवतो, हे डोळ्यांनी पाहून सिद्ध केलं.

तिच्या दाराशी समुद्र होता, हवं तेव्हा ताजं पाणी मिळत होतं. समुद्रापासून लांब राहणाऱ्यानं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर लंडनच्या ॲना थिन यांनी शोधलं. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्मगुरू होते. 1846 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की इथे गेल्या असताना त्यांना तिथले दगडी प्रवाळ आवडले. प्रवासात आपटून फुटू नयेत म्हणून त्यांनी ते सुई-दोऱ्यानं एका स्पंजला टाचले आणि बरणीतून लंडनला आणले. सुरुवातीला किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी मागवून बदललं जाई. ते नेहमी मिळेना, तेव्हा त्यांनी आहे तेच पाणी ताजं ठेवण्याची युक्ती काढली. घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची. पाण्यात हवा मिसळायची आणि प्रवाळ जगायचे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री शेवाळ सोडलं आणि टाकीचा तोल सांभाळला जाऊ लागला. त्यांच्याकडचे प्रवाळ सुमारे तीन वर्षं जगले, शिवाय त्यांची संख्याही वाढली. त्या मोलकरणीचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. पण घरातला पहिला समुद्र तिच्या हातांवर चालला, असं माझं मत आहे.

1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं या युक्तीमागचं शास्त्र लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. त्यानं गोड्या पाण्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती माशांना प्राणवायू देई. तिची कुजकी पानं पाणी बिघडवू लागली, तसे त्यानं त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी पानं फस्त केली आणि हिशेब जुळला. मग हाच प्रयोग त्यानं खाऱ्या पाण्यातही केला. म्हणजे टाकी नुसती सजावट नाही, तो एक ताळेबंद आहे. एक बाजू चुकली की दुसरी कोसळते.

यानंतर आले फिलिप हेन्री गॉस. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. पुढच्याच वर्षी त्यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. काळही अनुकूल होता. 1845 मध्ये ब्रिटननं काचेवरचा कर उठवला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वे समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेली होती. मग काय विचारता! ज्याला त्याला दिवाणखान्यात समुद्र हवासा झाला. लोक रविवारी हातोडी, छिन्नी, बरण्या घेऊन किनाऱ्यावर जायचे आणि खडकांतल्या डबक्यांतून समुद्रफुलं, खेकडे, शेवाळ खरवडून आणायचे. घरी आणलेलं बहुतेक काही दिवसांत मरायचं. मग पुढच्या रविवारी पुन्हा नवं.

काही वर्षांत ही लाट ओसरली, पण किनारा पूर्वीसारखा राहिला नाही. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं 1907 मध्ये 'फादर अँड सन' हे आत्मचरित्र लिहिलं. त्यात तो सांगतो, की वडिलांबरोबर लहानपणी पाहिलेली डेव्हनच्या किनाऱ्यावरची ती भरलेली डबकी संग्राहकांनी लुटून नेली. आणि आपल्याच पुस्तकांमुळे हे घडलं, याचं वडिलांना फार वाईट वाटलं. ज्या माणसानं लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवलं, त्याच्याच हातून हे व्हावं! मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो. का, ते पुढे सांगतो.

प्रवाळांना घरात दीर्घकाळ जगवणं मात्र आणखी शंभर वर्षं कोणाला नीट जमलं नाही. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं 1890 च्या सुमारास दाखवून दिलं, की काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. टाकीत हे जिवाणू वस्तीला आले, तरच मासा जगतो. या जिवाणूंना घर कुठलं द्यायचं, याचं सोपं उत्तर 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहून प्रसिद्ध केलं. त्यांनी समुद्रातून जिवंत खडक आणला, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव ज्याच्या छिद्राछिद्रांत राहतात असा प्रवाळांच्या सांगाड्याचा दगड. वरून सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, बस्स. त्यांच्या टाक्यांत प्रवाळ जगले. पुढे जर्मनीत बर्लिनच्या हौशी लोकांनी या खडकाला फेसातून घाण काढणाऱ्या प्रोटीन स्किमरची आणि चुन्याच्या निवळीची जोड दिली. प्रवाळ आपला सांगाडा चुन्यापासून बांधतो, म्हणून ही निवळी. 1980 च्या दशकात अमेरिकन मासिकांतून घरगुती छोट्या प्रवाळ टाकीची वर्णनं छापून येऊ लागली आणि छंद जगभर गेला.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला समुद्राचा तळ दाखवला तो तारापोरवाला मत्स्यालयानं. मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. माझा जन्मही त्याच वर्षीचा. सात-आठ वर्षांचा असताना वडिलांचं बोट धरून मी तिथे गेलो होतो. अंधारलेल्या दालनात उजळलेल्या काचेमागून एक मासा माझ्या तोंडासमोर येऊन थांबला, ते अजून आठवतं. आज ती इमारत बंद आहे.

तो मासा माझ्या मनातून गेला नाही. 2011 मध्ये निवृत्त झालो. नातू सहा वर्षांचा, 'फाइंडिंग निमो' रोज बघायचा. झालं! तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी आणली. साधारण 170 लिटर पाणी, लिटरला 35 ग्रॅम या हिशेबानं सहा किलो समुद्री मीठ. जिवाणू वस्तीला येईपर्यंत मासा सोडायचा नाही, म्हणून सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसलो. सौ. म्हणाली, "एवढी वाट तर तुम्ही माझी पण पाहिली नव्हती." मग दोन क्लाऊनफिश आले. संध्याकाळी बी विंगची मुलं काचेला नाक लावून उभी राहायची.

चूक पुढे झाली. मुंबईतल्या एका दुकानात मुठीएवढा जिवंत प्रवाळ दिसला, मेंदूसारख्या घड्या असलेला. दुकानदार म्हणाला, "बाहेरचा माल आहे, काळजी नको." ज्यानं उभ्या आयुष्यात सहीशिवाय व्हाउचर पास केलं नाही, त्यानं त्या दिवशी बिलसुद्धा मागितलं नाही. मेमध्ये टाकीतलं पाणी 31 अंशांवर गेलं आणि सहा आठवड्यांत तो प्रवाळ पांढराफटक पडला. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी तापलं की प्रवाळ त्याला बाहेर टाकतो आणि उपाशी मरतो. 1998 मध्ये लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. माझ्या हॉलमध्ये त्याची लहान आवृत्ती झाली.

तो पांढरा सांगाडा मी दोन वर्षं शोकेसमध्ये ठेवला. लोक सुंदर म्हणायचे. मग कधीतरी वाचनात आलं, की जुलै 2001 पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. समुद्री घोडेही त्याच यादीत. जिवंत असो वा मेलेला, बाळगणंच गुन्हा. मी एक अर्ज लिहिला आणि सांगाडा वन खात्याच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या साहेबांनी अर्जावर पोच दिली, बाकी काही बोलले नाहीत. परत येताना रिक्षात मला फार लाज वाटली. गॉस यांचं वाचून मी पुस्तक मिटलं, ते यासाठी.

आणखी एक आठवण मात्र चांगली आहे. एका पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळाला, नऊ तास वीज नव्हती. तेव्हा घरांना जनरेटरची लाइन नव्हती. पंप बंद, मासे वर येऊन तोंड उघडू लागले. मी आणि सौ. तांब्यानं टाकीतलं पाणी उचलून वरून ओतू लागलो. शेजारच्या वहिनी आल्या, तिसऱ्या मजल्यावरची दोन मुलं आली, मेणबत्तीच्या उजेडात पहाटेपर्यंत पाळ्या लागल्या. दोन्ही मासे वाचले. त्यातला एक सात वर्षं जगला, दुसरा नऊ. लंडनच्या त्या खिडकीशी उभ्या असलेल्या मोलकरणीची गोष्ट वाचली, तेव्हा मला आपल्या बी विंगचा तो जिना आठवला.

आता कमिटीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. प्रवाळ नको, समुद्री घोडा नको, समुद्रातून तोडलेला खडकही नको. कृत्रिम दगडातही जिवाणू राहतात. क्लाऊनफिश मात्र आज हॅचरीत जन्मतात. 1970 च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी ते धंदा म्हणून करून दाखवलं. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तंत्र बसवलं, आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायकांचे गट असे मासे वाढवतात. असेच मासे आणावेत, आणि पक्क्या बिलावर.

खर्चाचंही स्पष्ट सांगतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे 680 लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन पावणेसातशे किलो. स्लॅबबद्दल इंजिनिअरला आधी विचारा. पहिल्यांदा 24 किलो मीठ, दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला चिलर, आणि बॅकअप जनरेटरवर पंप. याहून महत्त्वाचं म्हणजे रोज बघणारा एक माणूस हवा. तो ठरावात नावानिशी लिहिला जाणार नसेल, तर टाकी आणू नये. मी चौऱ्याहत्तरचा आहे, सकाळची पाळी घेईन. संध्याकाळची कोण घेणार ते सांगा.

आणि मुलांना खरा प्रवाळ दाखवायचा असेल, तर मालवणला सहल काढू. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात ते आहेत, 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. इतक्या लांबही कशाला, मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरसुद्धा प्रवाळ आहेत. कोस्टल रोडच्या कामात त्यांच्या काही वसाहती 2020 मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या. ते तिथेच राहू देत. आपण जाऊन बघून येऊ.