क्रँकशाफ्ट सेन्सर

क्रँकशाफ्ट सेन्सर (क्रँक सेन्सर) हा मोटारीच्या इंजिनाचा वेग आणि क्रँकशाफ्टची स्थिती ओळखणारा संवेदक आहे. त्याच्या संकेतांवरून इंजिनाचा नियंत्रक संगणक (ईसीयू) इंधन व ठिणगी यांची वेळ ठरवतो.

कार्य

क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्रासमोर, साधारण १ मिलिमीटर अंतरावर, हा संवेदक बसवलेला असतो. अनेक मोटारींत या चक्रावर ६० दात्यांची जागा असून त्यांपैकी २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. दोन दात्यांमधील कोन ६ अंशांचा असतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करत असताना सेकंदाला ५० फेरे, म्हणजे २,९०० स्पंद मिळतात. स्पंदांमधील कालावधीवरून वेग समजतो, तर गाळलेल्या जागेवरून फेऱ्याचा आरंभबिंदू कळतो. चार-स्ट्रोक इंजिनाचे चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होते. त्यामुळे फेरा पहिला की दुसरा, हे ओळखण्यासाठी कॅमशाफ्टवर वेगळा संवेदक असतो.

जुन्या पद्धतीच्या संवेदकात चुंबक व तारेचे वेटोळे असते. त्याला बाहेरून वीज लागत नाही, मात्र इंजिन सुरू होताना वेग कमी असल्याने त्याचा संकेत क्षीण असतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारित संवेदकात ही अडचण नसते.

घाटातील वापर

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीकडे बोरघाट उतरताना या संवेदकाचे महत्त्व दिसते. मोटार गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडलेला आहे आणि इंजिनाचा वेग मात्र जास्त आहे, हे ओळखून ईसीयू इंधन पूर्णपणे बंद करतो. चाकेच इंजिन फिरवत राहतात. वेग आयडलिंगजवळ येताच इंधन पुन्हा सुरू होते. याउलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते आणि इंजिनाचा अटकावही नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो. त्यामुळे इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची सवय धोक्याची तर आहेच, शिवाय अशा मोटारींत निरुपयोगीही आहे. माथेरानच्या दस्तुरी नाक्यापासून नेरळपर्यंतच्या तीव्र उतारालाही हेच लागू पडते.

बिघाड

उष्णतेने वेटोळ्याची तार तुटक झाल्यास तापलेले इंजिन अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते; त्यामुळे दोष गॅरेजमध्ये सापडत नाही. चढावर इंजिन बंद पडल्यास स्टिअरिंग जड होते, तसेच ब्रेकचे व्हॅक्यूम साहाय्य दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते. तपासणी यंत्रावर अशा वेळी बहुधा ‘पी ०३३५’ हा संकेतांक दिसतो. मात्र तो संपूर्ण मंडलाचा दोष दर्शवतो. संवेदक बदलण्यापूर्वी वायरिंग, कनेक्टर व दातेरी चक्र तपासणे आवश्यक असते.