बंब आणि रेडिएटर

नाशिकच्या मोटारींचा इतिहास लिहायला बसलेला माणूस साहजिकच सातपूरपासून सुरुवात करतो. महिंद्राचा कारखाना, २००० सालची बोलेरो, २००२ सालची स्कॉर्पिओ, एवढे सांगितले की शहराचे मोटारीशी असलेले नाते सांगून झाले असे मानण्याची पद्धत आहे. पण या गाड्या इथे बनू लागण्याच्या कितीतरी आधीपासून मोटार नाशिकच्या अंगणात दुरुस्त होत होती. त्या घरगुती दुरुस्तीतला रेडिएटर हा एक भाग घेतला, तरी शहराचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

रेडिएटर आठवायला लावणारी जागा म्हणजे कसारा घाट. रेल्वे १८६५ साली हा थळ घाट चढून इगतपुरीला आली, ती ३७ फुटांत १ फूट असा चढ घेऊन. वाफेच्या इंजिनात पाणी उकळणे हेच काम असते. मोटारीत ते उकळू न देणे हे काम. चढावर इंजिनाला पुरा जोर लावावा लागतो आणि वेग मात्र कमी, म्हणजे जाळीतून जाणारा वाराही कमी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट ११००, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, तिचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन रेंगाळले की तोही रेंगाळे. (प्रीमियर काढणारे वालचंद हिराचंद म्हणजे आपल्या मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा साखर कारखाना उभारणारे, हे नाते नाशिककरांच्या सहसा लक्षात नसते.) घाट चढून आल्यावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि डिकीतला पाण्याचा डबा हे दृश्य चाळिशीपुढच्या वाचकांना सांगायला नको.

नाशिकच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. एका वातावरणाइतका जादा दाब असेल तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे घातक. दाब सुटताक्षणी एवढा वेळ न उकळलेले पाणी एकदम उकळते आणि तोंडावर येते. प्रेशर कुकरचे झाकण घाईने न उघडण्याची शिस्त घरात होती, तीच इथे लागू होती. गाडीजवळ ती पाळली जात नसे एवढेच.

मात्र घरातला रेडिएटरचा खरा भाऊबंद कुकर नव्हे, बंब. मधोमध जळणाची नळी, तिच्याभोवती पाणी, बाहेरून तांब्याचे अंग. विल्हेल्म मायबाख याने १९०० साली जर्मनीतल्या डाइमलर कारखान्यात मर्सिडीज गाडीसाठी जो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्याची रचना पाहिली की आश्चर्य वाटते. सहा मिलिमीटरच्या सुमारे ८,०७० चौकोनी नळ्या. नळ्यांतून वारा जातो आणि त्यांच्याभोवती पाणी खेळते. बंबाच्या नळीतून आग जाते, इथे वारा जातो. एक पाणी तापवतो, दुसरा निववतो, पण अंग तेच. पुढे नळ्यांत पाणी आणि बाहेर वारा अशी उलटापालट झाली. धातू मात्र बदलला नाही. पितळेच्या नळ्या, तांब्याचे पातळ पदर, वर-खाली पितळेच्या टाक्या आणि सांध्यांना कथील-शिशाचा डाग.

नाशिकपुरते हे महत्त्वाचे ठरते, कारण हे गाव तांब्या-पितळेचे. १८८३ सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधल्या नाशिकच्या खंडात या धंद्याची दखल आहे, आणि भांडीबाजार आजही आहे. तांबटांनीच रेडिएटरची दुकाने थाटली असे मला म्हणायचे नाही. माझा मुद्दा माणसांच्या वारशाचा नाही, धातूच्या वारशाचा आहे. ज्या घरात गळका बंब डाग देऊन पुन्हा चुलीशेजारी येत असे, त्या घराला गळका रेडिएटर ही अनोळखी आपत्ती वाटण्याचे कारण नव्हते.

काम असे चाले. इंजिन पुरते निवू द्यायचे, खालचा नळ सोडून पाणी काढायचे, होसपाइपच्या क्लिपा सैल करून रेडिएटर उतरवायचा. त्याची तोंडे बुचांनी बंद करून तो पाण्यात बुडवायचा आणि सायकलच्या पंपाने हवा मारायची. बुडबुडे येतील तिथे भोक. पंक्चरवाल्याची टाकी नसली तर मोठे घंगाळ चाले. भोकाभोवतीचा भाग घासून लखलखीत करायचा, नवसागर किंवा जस्त घातलेले हायड्रोक्लोरिक आम्ल लावायचे, आणि तापल्या खडीने डाग द्यायचा. जमत नसेल तर उतरवलेला रेडिएटर सायकलला बांधून बाजारात न्यायचा. उतरवणे-चढवणे घरी, डाग बाहेर, अशी ती वाटणी. आतल्या क्षारांसाठी धुण्याच्या सोड्याचे पाणी. फारच साचले असेल तर वरची टाकी सोडवून नळ्यांतून पातळ पट्टी घालायची. थर्मोस्टॅटची परीक्षा तर स्वयंपाकघरातच होई. पातेल्यात पाणी तापवून तो त्यात लोंबकळत ठेवायचा, आणि ८०-८५ अंशांच्या सुमारास उघडतो का ते पाहायचे. न उघडणारा थर्मोस्टॅट बदलण्याऐवजी ‘आपल्या हवेत कशाला हवा’ म्हणून काढून टाकणारेही पुष्कळ होते. ते चूक होते. गाडी लवकर तापत नसे आणि पेट्रोल जास्त खाई.

आणि हळद. गळक्या रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायची, की तिचे कण पाण्याबरोबर भोकाशी जाऊन फुगतात आणि ते बुजवतात. घोटीपासून घरापर्यंत येण्यापुरता हा उपाय खरोखर चाले. मात्र हळद भोक आणि नळी यांत भेद करत नाही. उपकार करून ती नळ्यांतच बसून राही.

या जुन्या कारागिरीचे मी गोडवे गाणार नाही. शिशाचा धूर घरात भरे, आम्लाने बोटे सोलत, आणि एवढे करून गाडी पुढच्या घाटात पुन्हा उकळे. १९७०च्या दशकापासून युरोपात आणि नंतर आपल्याकडे ॲल्युमिनियमची जाळी व प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या, त्या हलक्या आणि स्वस्त होत्या म्हणून. विजेचा पंखा आला, तो इंजिन रेंगाळले तरी पूर्ण वेगाने फिरतो. पाण्याच्या जागी ग्लायकॉलचे कूलंट आले. ते जास्त तापमानाला उकळते, क्षार साचू देत नाही आणि निफाडचा पारा पाच अंशांखाली जातो त्या पहाटेही निश्चिंत असते. गाड्या घाटात उकळेनाशा झाल्या, हे चांगलेच झाले.

पण घरातले ज्ञान त्याच वेळी निरुपयोगी झाले, किंबहुना उलटले. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा क्षणात पुन्हा धरतो, त्यामुळे जुना डाग त्यावर बसतच नाही. टाकी रबराची वळी घालून कडा दुमडून बसवलेली असते. ती सोडवून नळ्या साफ करण्याची सोयच नाही. आणि जो धुण्याचा सोडा पितळ स्वच्छ करी, तो ॲल्युमिनियम खातो. सोड्याने ॲल्युमिनियमचे पातेले काळे पडते हे घरातल्या बाईला ठाऊक असते. गाडी धुणाऱ्याला ते कुणी सांगितलेले नसते. आता घरी उरते ते निवलेल्या इंजिनाच्या बाटलीतली पातळी पाहणे, फुगलेला होसपाइप बदलणे, नवे झाकण बसवणे. बाकी सगळे ‘बदला’.

काढलेला तांब्या-पितळेचा रेडिएटर मात्र अजून भाव खातो. कथील-शिशाच्या डागांमुळे चोख तांब्यापेक्षा थोडा कमी. मोडीच्या दुकानात तो वजनाच्या काट्यावर चढतो तेव्हा शेजारच्या ढिगात बहुधा एखादा फुटका हंडा असतो, आणि कधीकधी बंबही.